वायमारमधली पानफुटी

शाळेत शाकुंतलाचा विषय निघाला की आमचे संस्कृतचे सर एक वाक्य हमखास सांगत. ‘जर्मन कवी गटे शाकुंतल वाचून ते डोक्यावर घेऊन नाचला.’ वर्गातली निम्मी मुले घरी मराठी बोलणारी, निम्मी कानडी बोलणारी. एरवी कबड्डीच्या संघावरून भांडणारी ही दोन्हीकडची मुले त्या वाक्यावर मात्र सारखीच खूश होत. एक गोरा माणूस आपले पुस्तक डोक्यावर घेऊन नाचतो आहे, हे चित्रच मोठे मजेचे होते.

नाचणे ही आपल्या मास्तरांनी घातलेली भर. घडले ते असे. विल्यम जोन्सने १७८९ साली कलकत्त्यात शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर छापले. कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास करून आलेल्या गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये त्यावरून ते जर्मनमध्ये नेले आणि त्याच वर्षी गटेने शाकुंतलावर चार ओळींची कविता लिहिली. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभी रंगभूमीचा चालक आणि कवी यांचा जो संवाद आहे, त्यामागे शाकुंतलाची प्रस्तावना आहे असे अभ्यासक मानतात. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि म्हैसूरच्या बसवप्प शास्त्रींनी तेच नाटक कन्नडमध्ये नेले. म्हणजे शाकुंतलाच्या नात्याने गटे आपल्या दोन्ही घरांचा पाहुणा.

पुढे एम. ए. करताना तो ‘फाउस्ट’चा कर्ता म्हणून पुन्हा भेटला. मी त्याच्यावर नोट्स काढल्या, आता वर्गात त्याच देतो. पण या माणसाची तिसरी ओळख मला चाळिशी उलटल्यावर झाली. ती पुस्तकात झाली नाही, त्याच्या घरात झाली.

माझी भाची जर्मनीत येना या गावी शिकत होती. २०२३ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो. येनाहून वायमार आगगाडीने वीसेक मिनिटांवर. गाव लहान, वस्ती पासष्ट हजारांच्या आसपास, पण १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. स्टेशनवरून चालत गावात गेलो तर नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर यांचा १८५७ सालचा जोडपुतळा. आपल्याकडे पुतळ्याभोवती हार, नारळ आणि भाषणे असतात. तिथे पुतळ्याच्या पायरीवर बसून शाळेतली पोरे आइस्क्रीम खात होती. दुकानादुकानांत गिंको झाडाच्या पानाच्या आकाराची कानातली, बशा, साबण. गटेने १८१५ साली त्या पानावर कविता केली, त्याची ही कमाई.

गटेचे जर्मन उच्चार ‘ग्योटे’ असा करतात, पण आपण आपल्या सरांचा ‘गटे’च चालवू. जन्म फ्रांकफुर्टमध्ये, २८ ऑगस्ट १७४९. शिक्षण कायद्याचे. पंचविशीत एका कादंबरीने युरोपभर नाव झाले आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये वायमारचा तरुण ड्यूक कार्ल आउगुस्ट याच्या बोलावण्यावरून तो या छोट्या संस्थानात आला. आला तो तिथेच राहिला. संस्थानात त्याच्या गळ्यात काय काय पडले म्हणाल, तर रस्ते, लष्करभरती, तिजोरी आणि इल्मेनाऊची बंद पडलेली खाण. त्या खाणीत पुन्हा काम सुरू झाले १७८४ साली. १७९६ मध्ये बोगदा ढासळून पाणी शिरले आणि सारा खर्च त्यात बुडाला. पण खाणीच्या निमित्ताने कायद्याच्या या पदवीधराला दगडांची गोडी लागली, ती मरेपर्यंत सुटली नाही.

फ्राउएनप्लान चौकातल्या त्याच्या पिवळ्या घरात शिरताना उंबरठ्यासारख्या जागी लॅटिन अक्षरांत ‘साल्वे’ लिहिलेले आहे. म्हणजे ‘यावे’. आपल्या दारातल्या ‘सुस्वागतम्’च्या रांगोळीचा भाऊच. पुढच्या खोल्या पाहुण्यांवर छाप पाडणाऱ्या. जेवणाची मोठी खोली पिवळी, जुनो देवतेचे मोठे मस्तक ठेवलेली खोली निळी. सगळीकडे मूर्तींचे साचे, चित्रे, नक्षीच्या थाळ्या. मागच्या बाजूला त्याची अभ्यासिका मात्र एखाद्या सनातनी शिक्षकाच्या खोलीसारखी. हिरवट भिंती, लाकडी टेबल, साध्या खुर्च्या, सोफा नाही. मऊ आसनावर बसले की विचार थांबतात असे तो म्हणे. दारातूनच आत पाहायचे. शेजारी निजण्याची छोटी खोली आणि तिच्यातली आरामखुर्ची. २२ मार्च १८३२ रोजी त्याने याच खुर्चीत प्राण सोडला.

बागेच्या कोपऱ्यात दगडांची खोली आहे. त्याच्या संग्रहात सुमारे १८,००० दगड आणि खनिजे होती. येनातल्या लेन्झ नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८०६ मध्ये एका लोहखनिजाला गटेचे नाव दिले, ते आज गोएथाइट म्हणून ओळखले जाते. आपल्या खानापूरच्या वाटेवरचा, कोकणातला, गोव्यातला जांभा दगड, ज्याला कन्नडमध्ये जंबिट्टिगे म्हणतात, त्याच्या तांबूस-पिवळ्या रंगात या गोएथाइटचा मोठा वाटा असतो. ज्या चिऱ्यांच्या भिंतीला टेकून मी लहानपणी पाढे पाठ केले, त्या भिंतीत गटेचे नाव होते, हे मला वायमारमध्ये कळले.

पण मी थबकलो तो एका हाडाच्या गोष्टीपाशी.

वरच्या जबड्यात पुढचे दात ज्यात रोवलेले असतात, असे एक हाड जनावरांत असते. माणसात ते नाही, आणि म्हणूनच माणूस माकडाहून वेगळा, असे त्या काळच्या मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हॉलंडचा कांपर तसे म्हणे, जर्मनीचा ब्लूमेनबाख तसेच म्हणे. सारी सृष्टी एका सूत्रात ओवलेली आहे असे मानणाऱ्या गटेला हे पटेना. येनाच्या लोडर या प्राध्यापकाबरोबर बसून तो जनावरांच्या आणि माणसांच्या कवट्या शेजारी ठेवून पाहू लागला. २७ मार्च १७८४ रोजी त्याला माणसाच्या कवटीत त्या हाडाची पुसट शिवण दिसली. माणसात ते हाड शेजारच्या हाडाशी लवकर सांधले जाते, म्हणून सहज ध्यानात येत नाही. त्याच रात्री त्याने आपला मित्र हेर्डर याला आनंदाने पत्र लिहिले. सोने-चांदी मिळाली असती तरी इतका हर्ष झाला नसता, अशा थाटाचे ते पत्र आहे.

याच उद्योगात त्याने कासेलहून एका हत्तीची कवटी उसनी मागवली. हा हत्ती आपल्याकडच्या जातीचा, तिथल्या राजाच्या प्राणिसंग्रहात होता आणि १७८० साली मेला होता. त्याचा सांगाडा पुढे कासेलच्या संग्रहालयात ‘गटेचा हत्ती’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कवटीची ती भलीमोठी पेटी आली तेव्हा गटे आयझेनाखला मुक्कामाला होता. संस्थानाचा मंत्री हत्तीचे डोके कवटाळून बसला आहे हे दिसले तर लोक वेडा म्हणतील, म्हणून त्याने ती अगदी आतल्या खोलीत लपवली. पेटीत चिनी मातीची भांडी असावीत अशी घरमालकिणीची समजूत होती. तीही त्याने तशीच राहू दिली.

निबंध तयार झाला, लॅटिनमध्ये उतरवला गेला, उत्तम चित्रांसह कांपरकडे पोचला. कांपरने चित्रे वाखाणली आणि माणसाबद्दलचे म्हणणे नाकारले. कवीने कवटीत डोके घालू नये, असाच साऱ्यांचा सूर. त्याच सुमारास पॅरिसमध्ये विक दाझीर या वैद्याने स्वतंत्रपणे तेच हाड दाखवले होते, तेव्हा शोधाचा मान एकट्या गटेचा नाही. पण तो बरोबर होता. त्याचा निबंध छापून आला १८२० मध्ये. मध्ये गेली छत्तीस वर्षे.

वाचकहो, इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातून रोज बसने कॉलेजला येणारी एक मुलगी आमच्याकडे बी. ए. ला मराठी घेऊन होती. प्रकल्पाचे विषय ठरवायचे होते. तिने एक वही आणली. आजीकडून, शेजारच्या कानडी काकूंकडून, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांकडून तिने झाडापेडांची नावे गोळा केली होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, खाली पेन्सिलीने काढलेले पान. पहिल्याच पानावर ‘पानफुटी – काडुबसळे’. त्यात पानफुटीचे एक खरे पान दाबून ठेवलेले, आणि वहीतल्या वहीत त्याच्या कडेने बारीक बारीक रोपे फुटलेली. ती म्हणाली, “सर, ह्याच्यावर लिहू काय?”

मी वही मिटून परत दिली. म्हणालो, “हा आपला विषय नव्हे. वनस्पतिशास्त्रवाल्यांना दाखव.” तिने तिकडे दाखवली की नाही, मी विचारले नाही. तिने एका कादंबरीतल्या स्त्रीचित्रणावर प्रकल्प केला. चांगले गुण मिळाले. मी दिलेल्या नोट्समधलाच होता तो बराचसा.

वायमारच्या त्या घरात ही वही मला पुन्हा दिसू लागली. कारण ‘हा तुझा विषय नव्हे’ हे वाक्य त्या घराच्या मालकाने आयुष्यभर ऐकले होते.

१७८६ च्या सप्टेंबरात पहाटे तीन वाजता, कुणाला न सांगता, तो कार्ल्सबादहून इटलीला निघून गेला. पादुआच्या बागेत १५८५ साली लावलेला एक ताड त्याने पाहिला. त्याची पाने खालून वर कशी बदलत जातात याचे नमुने जपून घेतले. पालेर्मोच्या बागेत तो एका नाटकाचा विचार करायला गेला होता. नाटक राहिले बाजूला, झाडांनीच त्याला धरले. ते नाटक कधी पुरे झाले नाही. त्याऐवजी १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावरचे १२३ परिच्छेदांचे छोटे पुस्तक झाले. बीजदल, पान, पाकळी, पुंकेसर हे सारे एकाच अवयवाचे बदलते आकार आहेत, आणि त्या अवयवाला त्याने ‘पान’ म्हटले. त्याच्या नेहमीच्या प्रकाशकाने पुस्तक नाकारले, ते गोथा गावी दुसऱ्याने छापले. लोकांची तक्रार एकच. चांगला कवी असून हा भलत्या वाटेला का लागला? पुढे वनस्पतिशास्त्राने त्यातला मुख्य विचार बऱ्याच अंशी खरा ठरवला. फुलाचे अवयव ठरवणारी जनुके बंद केली तर त्या जागी पानासारखे अवयव येतात, हे विसाव्या शतकाच्या शेवटी प्रयोगशाळेत दिसले.

इटलीत आणखी एक गोष्ट झाली. चित्रकार व्हावे अशी त्याची इच्छा होती. रोममध्ये दीड वर्ष रेखाटने करून त्याने स्वतःशी कबूल केले की ते आपल्याकडून व्हायचे नाही. मग तो चित्रशिल्पांवर लिहू लागला. मायर नावाच्या चित्रकार मित्राला घेऊन १७९८ मध्ये ‘प्रोपिलेएन’ नावाचे कलेचे नियतकालिक काढले. ग्राहक मिळेनात, सहा अंकांनंतर १८०० मध्ये ते बंद पडले. नियतकालिक चालवणाऱ्यांना यातले दुःख सांगायला नको. १८१६ मध्ये त्याने कला आणि प्राचीन वस्तूंवरचे दुसरे सुरू केले, ते मात्र मरेपर्यंत चालवले. ‘प्रोपिलेएन’मध्ये लाओकून या प्रसिद्ध शिल्पावर त्याचा लेख आहे. सापांनी वेढलेला बाप आणि दोन मुलगे. गटे सांगतो, योग्य अंतरावर उभे राहा, डोळे मिटा, झटकन उघडा, पुन्हा मिटा, म्हणजे सगळा संगमरवर हलताना दिसेल. रात्री मशालीच्या उजेडात पाहिले तरी तेच होईल. मला वाटले, हा तर कवटीची शिवण पाहणाराच माणूस! मूर्ती असो की पान, त्याची रीत एकच. समोर उभे राहायचे आणि पुरेसा वेळ द्यायचा.

आता त्याची चूकही सांगितली पाहिजे. नाहीतर हौशी माणसांचे आपण उगाच देव्हारे करू. त्याने वीस वर्षे रंगांवर घालवली. उसने आणलेले लोलक डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. भिंत रंगीत दिसेल अशी अपेक्षा होती, ती पांढरीच दिसली. रंग फक्त काळ्या-पांढऱ्याच्या कडेला. त्या क्षणी त्याने न्यूटन चुकला असे ठरवले आणि १८१० मध्ये त्याच्याविरुद्ध ग्रंथ छापला. चुकला होता गटे. भिंतीचा पांढरा पट्टा रुंद असला की मधले रंग एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरेच दिसतात, आणि हे न्यूटनच्या सिद्धान्तात बसते. गटेला गणिताची आवड नव्हती, आणि समजावून सांगणाऱ्यांचे त्याने ऐकले नाही. म्हातारपणी तर कवितेपेक्षा या ग्रंथाचाच त्याला अभिमान होता.

तरी त्या ग्रंथात एक भाग टिकला. डोळा स्वतः रंग कसे घडवतो तो. एका खानावळीत काळ्या केसांची, लाल चोळीतली गोरी मुलगी समोर उभी होती. ती दूर झाल्यावर मागच्या पांढऱ्या भिंतीवर त्याला काळा चेहरा आणि समुद्रहिरवा पोशाख दिसला. घरी करून पाहा. लाल जास्वंदीकडे अर्धा मिनिट टक लावा आणि मग चुन्याच्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर हिरवट फूल उमटेल. प्राध्यापकांना हा डोळ्यांचा भ्रम वाटे, गटेला हेच डोळ्यांचे काम वाटले.

त्याच्या अखेरच्या काळातली एक आठवण त्याच्या परिचितांनी लिहून ठेवली आहे. १८३० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्रांतीची बातमी वायमारला आली. एक स्नेही भेटायला गेला तर गटे म्हणाला, त्या मोठ्या घटनेबद्दल काय वाटते, ज्वालामुखी फुटला की! पाहुणा राजाबद्दल बोलू लागला. गटे म्हणाला, तसले नव्हे हो, मी अकादमीतल्या वादाबद्दल बोलतो आहे. प्राण्यांच्या शरीररचनेत एक सूत्र आहे की नाही यावर दोन फ्रेंच शास्त्रज्ञ भांडत होते. मार्च १८३२ मध्ये, मरणाच्या महिन्यात, तो त्याच वादावरचा लेख पुरा करत होता. एक्याऐंशी-ब्याऐंशीचा म्हातारा, आणि डोक्यात तेच चौतिशीतले हाड.

दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, वायमारला आलास तर टेकडीवर जायलाच हवं.” गावाजवळच एटर्सबेर्ग नावाची रानाची टेकडी आहे. गटे तिथे फिरायला जाई. त्या टेकडीवर १९३७ मध्ये नाझींनी बूखेनवाल्डची छळछावणी उभारली. १९४५ पर्यंत तिथे सुमारे ५६,००० माणसे मेली. छावणीसाठी रान तोडताना त्यांनी एक ओक राखला, तो कैद्यांत ‘गटेचा ओक’ म्हणून ओळखला जाई. ऑगस्ट १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. त्याचा बुंधा आम्ही पाहिला. झाड राखले आणि माणसे मारली. संस्कृतीचे नाव घेतले म्हणजे डोळे उघडतातच असे नाही, हे त्या बुंध्यापाशी कुणी सांगावे लागत नाही. आम्ही दोघे परतीच्या बसमध्ये काही बोललो नाही.

येनाला तिच्या खोलीवर आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कुंडी होती. जाड, मांसल पाने, कडेला दाते. मी म्हटले, “अगं, ही तर पानफुटी!”

भाची म्हणाली, “इथे हिला ग्योटे-फ्लांत्से म्हणतात. गटेचं झाड. माझ्या मैत्रिणीनं दिलंय.”

मूळचे हे झाड मादागास्करचे. आपल्याकडे आले आणि परसात, बांधावर आपलेच होऊन बसले. मुतखड्यावर औषध म्हणून आजीबाईंनी पाने खायला घातली, शाळेच्या पुस्तकात ‘पानापासून नवे रोप’ म्हणून त्याचे चित्र आले. वायमारच्या घरात म्हाताऱ्या गटेने तेच कुंडीत वाढवले होते. ओल्या मातीवर पान ठेवायचे आणि दातादातांतून रोपे उगवताना पाहायची, हा त्याचा छंद. पानात सारे झाड आहे असे ज्याने चाळिशीत लिहिले, त्याला उतारवयात हे झाड मिळाले. ती पाने तो मित्र-मैत्रिणींना पाठवी, आणि ती कशी रुजवायची तेही लिहून कळवी.

त्या खिडकीपाशी मला माझी शरम वाटली. जे पान म्हाताऱ्या गटेने टपालाने पाठवण्याजोगे मानले, ते पान एक मुलगी वहीतून माझ्याकडे घेऊन आली होती, तेही दोन भाषांतल्या नावांसकट. मी त्याला विषय नाही म्हटले. आपल्या भागातल्या माणसांना सीमा म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. तरी वर्गात मी स्वतःच एक आखली होती. त्या मुलीचे काही चुकलेही असते. दोनचार नावे चुकीच्या झाडांना लागली असती, गटेसारखीच एखाद्या गोष्टीवर ती हट्टाने अडली असती. ते दुरुस्त करायला तर आपण पगार घेतो.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांना विचारून तिचा नंबर मिळवला. ती आता धारवाडला असते, दोन मुले आहेत. आधी तिला वाटले, कॉलेजच्या मेळाव्याची वर्गणी मागायला फोन केला.

“ती वही आहे काय गं तुझ्याकडे?”

ती थोडी थांबली. “आठवतीय तुम्हाला सर? माहेरी माळ्यावर असंल. उंदरांनी ठेवली असली तर.” मग म्हणाली, “पण तुम्हीच तर म्हणालात...” आणि वाक्य पुरे केले नाही. मोठ्या मनाची मुलगी.

मी म्हटले, “मी चुकलो होतो.”

वीस-बावीस वर्षे शिकवतो आहे. विद्यार्थ्याला हे वाक्य मी प्रथमच म्हणालो. ती येत्या दिवाळीत माहेरी येणार आहे. मीही खानापूरला जाईन म्हणतो. वही मिळाली तर दोन्ही भाषांतली नावे नीट लावायला बसू, वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यानेही यायचे कबूल केले आहे. उंदरांनी खाल्ली असेल तर तिच्या आजीची पिढी आता नाही, निम्मी नावे गेलीच समजायची. उरलेली निम्मी तरी कुणाकुणाच्या तोंडी असतील.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असे पान घेऊन कुणी आले तर कृपा करून वही मिटू नका.